एका रात्रीत तीन बायका डॉक्टरविना गेल्या आणि वेल्लोरचं हॉस्पिटल उभं राहिलं : डॉ. आयडा स्कडर यांची गोष्ट

चेन्नईकडून येणारी गाडी काटपाडी जंक्शनला थांबली की डब्यातून एक वेगळीच गर्दी उतरते. कुणाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, कुणाच्या काखेत रिपोर्टची जाडजूड फाईल, कुणाच्या खांद्याचा आधार घेऊन चालणारा पेशंट. बोलणं बंगाली, आसामी, हिंदी, तमिळ असं सगळं मिसळलेलं. पण रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता एकच असतो, सीएमसी.

सीएमसी म्हणजे वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल. १९७१ मध्ये भारतात किडनी ट्रान्सप्लांट यशस्वी करून दाखवलं ते इथे. कुष्ठरोगामुळे वाकडी झालेली बोटं ऑपरेशन करून पुन्हा कामाची करायचं तंत्र डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकात विकसित केलं, तेही इथेच. १९८६ मध्ये चेन्नईत घेतलेले रक्ताचे नमुने तपासून भारतात एचआयव्ही पोहोचल्याचं पहिल्यांदा समजलं, ती तपासणीसुद्धा इथलीच.

आता कुणालाही प्रश्न पडेल की एवढी मोठी संस्था दिल्ली-मुंबई सोडून वेल्लोरसारख्या गावात कशी काय उभी राहिली? मराठी माणसाला वेल्लोर माहीत असतं ते किल्ल्यामुळे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयात मराठ्यांनी या किल्ल्याला वेढा घातला आणि १६७८ मध्ये तो घेतला. पुढे १८०६ मध्ये इथल्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. पण हॉस्पिटलचा इतिहास यातल्या कशाशीच जोडलेला नाही.

तो जोडलेला आहे एका अशा मुलीशी, जिला भारतात राहायचंच नव्हतं.

तिचं नाव आयडा सोफिया स्कडर.

घराणंच मिशनऱ्यांचं

आयडाचा जन्म ९ डिसेंबर १८७० चा. गाव राणीपेट, वेल्लोरपासून जवळच. आई-वडील अमेरिकन, पण कुटुंबाचं भारताशी नातं दोन पिढ्यांचं.

सुरुवात झाली आजोबांपासून. डॉ. जॉन स्कडर न्यूयॉर्कमध्ये प्रॅक्टिस करायचे. एका पेशंटच्या घरी त्यांच्या हाती मिशनरी कामाबद्दलची एक छोटी पुस्तिका पडली. ती वाचून त्यांनी चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडली आणि १८१९ मध्ये बायको-मुलीसह जहाजात बसले. आधी सिलोन, म्हणजे आजचं श्रीलंका, आणि नंतर मद्रास. अमेरिकेतून या भागात आलेले ते पहिले वैद्यकीय मिशनरी मानले जातात.

त्यांची मुलंही याच कामात शिरली. पुढच्या पिढ्यांतही हे चालूच राहिलं. चार पिढ्यांत मिळून या घराण्यातल्या चाळीसहून जास्त माणसांनी मिशनचं काम केलं. थोडक्यात काय, तर स्कडर घराण्यात जन्म घेतला की पुढचं आयुष्य ठरलेलं असायचं. भारत, मिशन आणि दवाखाना.

आयडाचे वडील, त्यांचंही नाव जॉन, डॉक्टर आणि मिशनरी होते. सगळ्या भावांच्या पाठीवर झालेली आयडा ही घरातली एकुलती एक मुलगी.

ती पाच-सहा वर्षांची असताना मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ चा हा दुष्काळ दख्खननेही भोगला. लाखो माणसं उपासमारीने गेली. स्कडरांच्या घरासमोर मुलांची रांग लागायची. काही मुलं इतकी खंगलेली असायची की हातात दिलेला पाव तोंडापर्यंत नेण्याचं त्राण त्यांच्यात नसायचं. लहानग्या आयडाने पावाचे तुकडे करून अशा मुलांना भरवले. रस्त्याच्या कडेला पडलेली मुलंही तिने पाहिली.

भारत म्हटलं की पुढे कित्येक वर्षं तिच्या डोळ्यांसमोर हेच यायचं.

दुष्काळानंतर कुटुंब अमेरिकेला गेलं. पण वडिलांचं मन काही तिथे रमलं नाही. ते भारतात परतले, पाठोपाठ आईही निघाली. आयडाला शिक्षणासाठी नातेवाइकांकडे ठेवलं. कुमारवयातल्या मुलीला आई सोडून जाते, आणि तीही अशा देशात जिथून पत्र यायलाही कित्येक आठवडे लागतात. तो निरोपाचा दिवस आयडा कधीच विसरली नाही.

पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफिल्डच्या मुलींच्या शाळेत ती शिकली. मैत्रिणींमध्ये रमणारी, खोड्या काढणारी, हसरी मुलगी. लग्न करायचं, अमेरिकेत छान घर मांडायचं, हे तिचं स्वप्न. घराण्याची परंपरा वगैरे तिला अजिबात नको होती. आपण मिशनरी होणार नाही, हे ती सगळ्यांना ठासून सांगायची.

ती रात्र

१८९० मध्ये आई आजारी असल्याचा निरोप आला. आयडा तेव्हा विशीत होती. आईची देखभाल करायची आणि परत यायचं, असं ठरवूनच ती भारतात आली.

वडिलांचं ठाणं तेव्हा तिंडिवनमला होतं. राजाराम महाराजांनी जिथून स्वराज्याचा कारभार चालवला तो जिंजीचा किल्ला इथून जवळच आहे. आयडा आईची सेवा करायची, मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायची आणि परतीचे दिवस मोजायची.

अशातच एका रात्री दाराशी एक तरुण आला. तो ब्राह्मण होता. त्याची बायको बाळंतपणात अडली होती, सुईणीने हात टेकले होते. ती जेमतेम चौदा वर्षांची होती. आयडाने सांगितलं, डॉक्टर माझे वडील आहेत, ते लगेच येतील. तो तरुण मागे सरकला. परपुरुषाने आपल्या बायकोला हात लावलेला त्याच्या घरात चालणार नव्हता. त्याला आयडाच हवी होती. आयडा म्हणजे डॉक्टरची मुलगी, तिला बाळंतपणातलं काहीएक कळत नव्हतं. तो तसाच परत गेला.

थोड्या वेळाने दुसरा माणूस आला. हा मुस्लिम होता. मागणं तेच आणि अडचणही तीच. वडील स्वतः त्याच्याशी बोलले, पण तो तयार झाला नाही.

त्यानंतर तिसरा आला, मुदलियार समाजातला. पुन्हा तेच.

धर्म वेगळे, जाती वेगळ्या, पण बायकांच्या खोलीचं दार पुरुष डॉक्टरला सगळीकडे सारखंच बंद होतं. हे तिघेही नवरे काही निर्दयी नव्हते. बायको वाचावी म्हणूनच ते रात्रीबेरात्री परक्या माणसाच्या दारात आले होते. डॉक्टर समोर उभा होता, औषधं कपाटात होती, अंतर काही मैलांचंही नव्हतं. तरी उपचार पोहोचू शकत नव्हते.

आयडाला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी गावातून अंत्ययात्रेच्या वाद्यांचा आवाज आला. तिने नोकराला चौकशीला पाठवलं. तो परत आला आणि त्याने सांगितलं, तिन्ही बायका गेल्या.

त्या दिवशी आयडाने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. बाहेर आली ती निर्णय घेऊनच. अमेरिकेला जायचं, डॉक्टर व्हायचं आणि बायकांसाठी काम करायला इथेच परत यायचं. ही गोष्ट पुढे त्या आयुष्यभर सांगत राहिल्या.

आनंदीबाई जिथे शिकल्या, तिथेच

१८९५ मध्ये आयडाने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये प्रवेश घेतला. हे नाव मराठी वाचकांना ओळखीचं वाटेल. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी याच कॉलेजातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या.

दोघींच्या आयुष्यात एक धागा सारखा आहे. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि अवघ्या दहा दिवसांत उपचारांअभावी ते गेलं. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. आयडालाही या वाटेवर आणलं ते बाळंतपणातल्या मृत्यूंनीच.

फरक पुढे पडला. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी आनंदीबाईंसाठी ठरली होती. पण क्षयाने त्यांना गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी. एक बाई डॉक्टर तयार व्हायला किती वर्षं, किती पैसा, किती टीका सोसावी लागली होती. आणि ती एकटी गेली की मागे रिकामी खुर्ची.

बाई डॉक्टर भारतात तेव्हा नव्हत्याच असं नाही. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्येच मुलींना प्रवेश दिला होता. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा फंड सुरू झाला. डॉ. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या आणि सुरतेत काम करू लागल्या. लुधियानात डॉ. एडिथ ब्राऊन यांनी १८९४ मध्ये मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं. पण अफाट देशाच्या मानाने हे सगळं मूठभर होतं. तिंडिवनमसारख्या गावातल्या बाईपर्यंत यातलं काही पोहोचत नव्हतं.

आयडाने शेवटच्या टप्प्यात न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये बदली घेतली. हे कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं आणि तिथे मुलींनाही प्रवेश होता. १८९९ मध्ये ती डॉक्टर झाली.

भारतात निघण्याआधी मिशनने तिच्यावर एक काम टाकलं. वेल्लोरला बायकांचं हॉस्पिटल बांधायचं तर आठ हजार डॉलर जमवून आण. नव्याने डॉक्टर झालेली मुलगी दारोदार फिरू लागली. थोडेथोडके पैसे यायचे, पण हॉस्पिटल बांधण्याइतके नाहीत.

एके दिवशी ती न्यूयॉर्कमध्ये एका बाईंच्या घरी मदत मागायला गेली. तिने वेल्लोरची परिस्थिती सांगितली. ते बोलणं त्या बाईंचे मेहुणे कानावर घेत होते. त्यांचं नाव रॉबर्ट शेल, पेशाने बँकर. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयडाला बोलावलं, बारीकसारीक प्रश्न विचारले आणि आपल्या दिवंगत पत्नीच्या नावाने दहा हजार डॉलरचा चेक दिला. हवे होते त्याहून दोन हजार जास्तच.

दहा बाय बाराची खोली

१९०० च्या सुरुवातीला डॉ. आयडा वेल्लोरला पोहोचल्या. वडिलांच्या हाताखाली काही वर्षं काम करायचं, अनुभव घ्यायचा आणि मग हॉस्पिटल सांभाळायचं, असा बेत होता. पण काही महिन्यांतच वडिलांचं कर्करोगाने निधन झालं. डिग्री हातात येऊन वर्षही झालेलं नव्हतं आणि सल्ला विचारायला आता कुणी नव्हतं.

हॉस्पिटल बांधून व्हायचं होतं, म्हणून राहत्या बंगल्यातल्या साधारण दहा बाय बारा फुटांच्या खोलीत दवाखाना सुरू झाला. सुरुवातीला कुणी फिरकेना. गोरी बाई, वय कमी, आणि पुरुष डॉक्टरवर बसलेला विश्वास बाईवर कसा बसायचा? ज्या बायकांसाठी त्या एवढ्या लांब आल्या, त्याच त्यांच्याकडे यायला कचरत होत्या.

हळूहळू एकीने दुसरीला सांगितलं. ओसरीवर रांग लागू लागली. दोन वर्षांत सुमारे पाच हजार पेशंट तपासले गेले. हाताखाली शिकलेली नर्स नव्हती. मदतीला होती सलोमी, घरातल्या स्वयंपाक्याची बायको. तिला आयडांनी पट्ट्या बांधण्यापासून औषधं देण्यापर्यंत सगळं शिकवलं. पहिल्या मोठ्या ऑपरेशनला हात द्यायला हीच सलोमी उभी होती.

सीएमसीच्या इतिहासात आयडा यांचं नाव सगळ्यात वर असतं आणि ते योग्यच आहे. पण त्या खोलीत दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या सलोमीचं नावही लक्षात ठेवायला हवं. स्थानिक बाईला शिकवलं तर ती हे काम करू शकते, याचा पहिला पुरावा तीच होती.

१९०२ मध्ये ४० खाटांचं मेरी टेबर शेल हॉस्पिटल सुरू झालं. देणगी देणाऱ्या शेल यांच्या पत्नीचं नाव त्याला दिलं होतं.

झाडाखालचा दवाखाना

हॉस्पिटल झालं, पण खेड्यातल्या बाईने तिथवर यायचं कसं? बैलगाडीने यायला दिवस मोडायचा. घरातून परवानगी मिळायची नाही. मिळालीच तर तोवर उशीर झालेला असायचा.

मग आयडांनीच खेड्यांकडे जायला सुरुवात केली. ठरलेला वार, ठरलेला रस्ता. १९०९ च्या सुमारास त्यांच्याकडे एक छोटी प्यूजो मोटार आली. एक सिलिंडरची, आवाज करत, धूर सोडत जाणारी. खेड्यात मोटार कुणी पाहिलेली नव्हती. हे भूत आलं म्हणून लोक सुरुवातीला शेतात पळून जायचे. पण पुढे त्याच आवाजाची वाट पाहत रस्त्याच्या कडेला झाडाखाली पेशंट जमायचे. गाडी थांबायची, पेटी उघडायची, जखमा धुतल्या जायच्या, डोळ्यांत औषध पडायचं, गाडी पुढच्या झाडाकडे निघायची.

आज मोबाईल क्लिनिक म्हणतात ते हेच. गुडियात्तमच्या रस्त्यावरचे हे थांबे पुढे सीएमसीच्या ग्रामीण कामाचा पाया ठरले.

एकटा डॉक्टर पुरत नाही

एवढं सगळं होऊनही हिशोब काही जुळत नव्हता. शंभर पेशंट तपासले की मागे दोनशे उभे असायचे. आयडा एका गावात असल्या की दुसऱ्या गावातली बाई अडलेलीच. त्या आजारी पडल्या तर? अमेरिकेला गेल्या तर? तिंडिवनमच्या त्या रात्री एकाच वेळी तीन घरांतून बोलावणं आलं होतं. आयडा तेव्हा डॉक्टर असत्या तरी तिन्ही घरी एका वेळी कशा पोहोचल्या असत्या?

परदेशातून आणखी डॉक्टर मागवणं हा उपाय नव्हता. ज्या गावची भाषा, ज्या घरांच्या चालीरीती, तिथलीच मुलगी डॉक्टर व्हायला हवी, हे त्यांना स्पष्ट दिसू लागलं. सुरुवात नर्सिंगपासून झाली. १९०९ मध्ये डेलिया हॉटन या नर्सबरोबर त्यांनी नर्सिंगचं प्रशिक्षण सुरू केलं.

पुढची पायरी मेडिकल स्कूलची होती. दिल्लीत १९१६ मध्ये मुलींसाठी लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेज निघालं होतं. दक्षिणेत मुलींसाठी स्वतंत्र असं काही नव्हतं.

मद्रास सरकारचे सर्जन जनरल कर्नल ब्रायसन यांच्याकडे आयडा परवानगीसाठी गेल्या. त्यांना ही कल्पना फारशी पटलेली नव्हती. तीन अर्ज आले तरी नशीब समजा, असा त्यांचा सूर होता. पण मिळाल्या सहा मुली तर सुरू करा, एवढी मुभा त्यांनी दिली.

अर्ज इतके आले की बऱ्याच मुलींना परत पाठवावं लागलं.

१२ ऑगस्ट १९१८ रोजी शाळा सुरू झाली. स्वतःची इमारत नव्हती, भाड्याच्या जागा होत्या. एक सांगाडा, एक मायक्रोस्कोप आणि मोजकी पुस्तकं, एवढंच सामान. शिकवायला प्रामुख्याने आयडा स्वतःच. दिवसा ऑपरेशन, ओपीडी, खेड्यातल्या फेऱ्या आणि मधल्या वेळात शरीरशास्त्राचा तास. पहिला बॅच एलएमपीचा, म्हणजे डॉक्टरी परवान्याचा चार वर्षांचा कोर्स.

परीक्षेची वेळ आली तेव्हा ब्रायसन यांनी पुन्हा सावध केलं. मुलांच्या शाळांतही पास होणाऱ्यांचं प्रमाण कमी असतं, या मुली पहिल्या झटक्यात नापास झाल्या तर खचून जाऊ नका.

निकाल लागला. वेल्लोरच्या सगळ्याच्या सगळ्या मुली पास झाल्या होत्या.

१९२२ मध्ये १४ मुली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. बाईच्या खोलीचं बंद दार ज्यांना ओलांडता येणार होतं, अशा १४ जणी. त्याही याच मातीतल्या.

पैसा आला कुठून?

यामागे अमेरिकेतल्या हजारो बायकांची मेहनत आहे. लुसी पीबॉडी या तिथल्या महिला मिशन चळवळीतल्या मोठ्या कार्यकर्त्या. आशियातल्या मुलींच्या सात कॉलेजांसाठी त्यांनी निधीची मोहीम काढली. रॉकफेलर कुटुंबाच्या निधीने अट घातली, बायकांनी वीस लाख डॉलर जमवले तर आम्ही दहा लाख घालू. चर्चमधल्या महिला मंडळांनी एकेक डॉलर गोळा केला. आयडा गावोगाव भाषणं देत फिरल्या. १९२३ पर्यंत रक्कम उभी राहिली आणि वेल्लोरला नवं हॉस्पिटल, नवं कॉलेज शक्य झालं. शहराबाहेर बागायमच्या टेकड्यांच्या पायथ्याशी कॉलेजचा कॅम्पस आकाराला आला. महात्मा गांधींनीही या संस्थेला भेट दिली.

आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय

खरी परीक्षा मात्र आयडा सत्तरीकडे झुकल्यावर आली. १९३८ मध्ये मद्रास सरकारने ठरवलं की एलएमपीचा कोर्स आता बंद. डॉक्टर व्हायचं तर विद्यापीठाची एमबीबीएस डिग्रीच हवी. निर्णय चुकीचा नव्हता, देशाला जास्त शिकलेले डॉक्टर हवेच होते. पण वेल्लोरला त्याचा अर्थ होता आणखी खाटा, आणखी प्रयोगशाळा, उच्चशिक्षित प्राध्यापक आणि त्यासाठी प्रचंड पैसा. नाहीतर शाळेला कुलूप.

निवृत्तीच्या वयात आयडा १९४१ मध्ये पुन्हा अमेरिकेला गेल्या. जग महायुद्धात होतं. देणग्या आटल्या होत्या. मदतीचा एक मार्ग समोर आला. इतर मिशन संस्थांना सोबत घ्यायचं आणि वेल्लोर सगळ्यांचं मिळून एकच मोठं मेडिकल कॉलेज करायचं. पण मग तिथे मुलांनाही प्रवेश द्यावा लागणार होता.

इथे जुन्या मैत्रिणी दुखावल्या. ज्या बायकांनी डॉलर डॉलर जमवला होता, तो मुलींच्या कॉलेजसाठी. लुसी पीबॉडी यांचा मुलांना प्रवेश द्यायला ठाम विरोध होता. त्यांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. मुलं आली की मुलींच्या जागा कमी होणार, पुन्हा पुरुषच वरचढ होणार, ही भीती खरी होती. ज्या संस्थेचा जन्मच बायकांसाठी झाला, तिचा मूळ हेतू सोडायचा का?

दुसरीकडे, संस्थाच बंद पडली तर मुलींना तरी काय मिळणार होतं?

आयडा बराच काळ या दोन्हींच्या मध्ये सापडल्या. शेवटी त्यांनी कॉलेज वाचवण्याची बाजू घेतली. चाळीसच्या दशकात एमबीबीएस सुरू झालं आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुलांनाही प्रवेश मिळू लागला. मुलींसाठी काढलेलं कॉलेज सगळ्यांचं झालं. यात आयडांनी कित्येक वर्षांची मैत्री पणाला लावली.

१९४६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षी वेल्लोरच्या नर्सिंग कॉलेजमध्ये बीएस्सीची डिग्री सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या नर्सिंग डिग्रींपैकी एक. स्वातंत्र्यानंतर संस्थेची सूत्रं डॉ. हिल्डा लाझरस यांच्याकडे गेली. विशाखापट्टणमच्या, भारतीय, आणि बाई. आयडांच्या आयुष्यभराच्या कामाचं याहून चांगलं फळ दुसरं कुठलं असणार?

मिशनरी होत्या, हे कसं पाहायचं?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. आयडा मिशनरी होत्या. त्यांच्या हॉस्पिटलमध्ये प्रार्थना व्हायची, धर्माचा प्रचारही व्हायचा. मिशनचे पैसे त्यासाठीच यायचे. गोऱ्या अमेरिकन बाईला इंग्रज अधिकाऱ्यांकडे सहज मिळणारा प्रवेश आणि न्यूयॉर्कमध्ये मिळणारा चेक, हे त्या काळातल्या भारतीय बाईच्या नशिबात नव्हतं. आनंदीबाईंची गोष्ट पाहिली की हा फरक जास्तच टोचतो.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. दवाखान्याच्या दारात धर्म विचारून कुणाला परत पाठवलं गेलं नाही. परपुरुषाने हात लावायचा नाही, या प्रथेवर त्या चिडून बसल्या नाहीत. प्रथा बदलायला पिढ्या लागतील, तोवर बायका मरू द्यायच्या का, असा त्यांचा साधा हिशोब होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपल्यावाचून काम चालेल अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच्या हयातीत उभी केली.

शेवटची वर्षं

आयडांनी लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर त्या कोडाईकनालच्या आपल्या घरी राहायच्या. टेनिसचं वेड मात्र सुटलं नाही. असं सांगतात की पासष्टीत असताना एका स्पर्धेत समोरची तरुण मुलगी कुरकुरली, या आजीबाईंशी काय खेळायचं? आजीबाईंनी तिला एकही गेम जिंकू दिला नाही.

त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट वेल्लोरमध्ये आवडीने सांगितली जाते. कुणीतरी परदेशातून पत्र टाकलं, पत्ता फक्त एवढाच, डॉक्टर आयडा, इंडिया. गाव नाही, जिल्हा नाही. तरी पत्र बरोबर पोहोचलं.

२४ मे १९६० रोजी कोडाईकनालला त्यांचं निधन झालं. वय होतं ८९. अंत्यसंस्कार वेल्लोरला झाले. ज्या देशात राहायचं नाही असं ठरवून आल्या होत्या, त्याच देशाच्या मातीत त्यांना पुरलं.

आयडा सांगायच्या त्या गोष्टीत तिंडिवनमच्या तीन बायकांची नावं येत नाहीत. कुणाची बायको, कुठल्या समाजाची, एवढीच त्यांची ओळख उरली. आनंदीबाई गेल्या तेव्हा कोल्हापूरची खुर्ची रिकामी राहिली. डॉ. आयडा गेल्या त्या दिवशी वेल्लोरची ओपीडी मात्र बंद पडली नाही. तिथे पेशंट तपासायला त्यांनीच घडवलेल्या डॉक्टरांची पुढची पिढी उभी होती.